आपला हिट आपण सांगायचा

मुसलमान माणसाने बंदुकीवर लिहायचे म्हटले की लेखणी दोनदा अडखळते. एकदा घरच्यांच्या धास्तीने आणि एकदा बाहेरच्यांच्या संशयाने. त्यातून मी एक शिक्षिका. दिवसभर उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, घरी कोकणी बोलायचे आणि मनातले काही लिहायचे झाले तर मराठीत लिहायचे, असे माझे तीन भाषांतले आयुष्य. या तिन्ही भाषांत बंदूक हा शब्द मला फारसा कधी लागला नाही. तरीही आज लिहायला बसले आहे ते एका बंदुकीच्या खेळावरच. आधीच सांगून टाकते, ही बंदूक प्लॅस्टिकचे छर्रे मारते, आणि तिच्याकडून मी जे शिकले ते नेमबाजी नव्हे.

या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. जन्म जपानचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने सामान्य नागरिकाच्या हाती बंदूक पडू नये म्हणून कायदे फार कडक केले. पण हौस काही कायद्याने मरत नाही. १९७० आणि १९८०च्या दशकांत तिथल्या खेळणीवाल्यांनी दिसायला खऱ्यासारख्या, पण हवेच्या किंवा वायूच्या दाबाने सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी फेकणाऱ्या बंदुका काढल्या. १९९१मध्ये टोकियो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि हा खेळ जपानबाहेरही पसरत गेला. दोन संघ करायचे, जंगलात किंवा पडक्या कारखान्यात लपतछपत एकमेकांवर छर्रे झाडायचे, छर्रा लागला तो बाद. छर्ऱ्याला तिकडे 'बीबी' म्हणतात. आमच्या घरात बीबी म्हणजे वेगळेच काही! त्यामुळे माझा भाचा जेव्हा म्हणाला, "फुफू, तीन हजार बीबी आणल्यात," तेव्हा भाईजान हसून हसून बेजार झाले.

आमच्या खाडीपट्ट्यातला माणूस पोटासाठी आधी बोटीवर गेला, मग आफ्रिकेत, मग आखातात. काही घरे विलायतेत स्थिरावली. माझे थोरले भाऊ त्यांपैकी एक. २०२३च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी प्रथमच त्यांच्याकडे इंग्लंडला गेले. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाभीने स्वयंपाकघरात गाठले आणि दबक्या आवाजात आपले गाऱ्हाणे सांगितले. मुलगा सतरा वर्षांचा, अभ्यासात बरा, जुम्म्याला मशिदीत जातो, दाढी फुटू लागली आहे, आणि महिन्यातले दोन रविवार हा जंगलात बंदूक घेऊन धावतो. "कोणी फोटो काढला, कोणी काही बोलले, तर आम्ही कुणाकुणाला समजवायचे? तू टीचर आहेस. तूच समजाव त्याला."

वर्गातला माझा एक नियम आहे. जे पाहिले नाही त्यावर मुलाला उपदेश करायचा नाही. मी म्हटले, "आधी बघते, मग बोलते." पुढच्या रविवारी भाईजानची ड्यूटी होती. भाभीने गाडी काढली आणि आम्ही तिघे निघालो. डब्यात भाभीने खिम्याचे पॅटिस आणि घावणे भरले होते, कारण तिथे मिळणारा बर्गर आपल्या कामाचा नाही.

शहरापासून तासाभरावर एक रान. मे महिन्यात तिकडच्या रानात झाडांखाली निळ्या फुलांचा गालिचा पसरलेला असतो. त्या निळाईतून लष्करी कपड्यातली माणसे चालत होती हे दृश्य मोठे विचित्र वाटले. आत शिरताच पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे एक दोरी. दोरीच्या अलीकडे 'सेफ झोन'. तिथे टेबले, चहाची किटली, घाम पुसणारी माणसे. तिथे कोणाच्याही बंदुकीत छर्ऱ्यांचे मॅगझीन नको, आणि बंदुकीचा चाप कोणी ओढायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. दोरीच्या पलीकडे खेळाचे मैदान. तिथे डोळ्यांवरचा चष्मा एक क्षणही काढायचा नाही. घाम आला, काचेवर वाफ धरली, कीटक शिरला, काहीही झाले तरी नाही. फारच झाले तर हात वर करून पंचाला हाक मारायची, तो तुम्हाला बाहेर नेईल. मैदानात कोणाचा चष्मा निसटलेला दिसला तर ज्याला दिसेल त्याने ओरडायचे, शिटी वाजते आणि सगळा खेळ जागच्या जागी थांबतो. परतताना मॅगझीन काढायचे आणि ठरलेल्या जागी जमिनीकडे तोंड करून एक फैर झाडून दाखवायची, म्हणजे नळीत अडकून राहिलेला छर्राही निघून जातो. मॅगझीन काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे नसते.

तिथले चष्मे साधे नव्हते. पॉलिकार्बोनेटची जाड काच, कडेने डोळ्यांना घट्ट बसणारी चौकट, मागे इलॅस्टिकचा पट्टा. लहान मुलांना तर पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा सक्तीचा. अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी पालकाची सही घेतली होती.

मग बंदुकांची तपासणी सुरू झाली. एका छोट्या यंत्रासमोर प्रत्येकाने चार-पाच छर्रे झाडायचे, यंत्र वेग सांगते. विज्ञानाची शिक्षिका असल्याने मी तिथून हलेना. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १०७ मीटरपेक्षा, म्हणजे साडेतीनशे फुटांपेक्षा वेगाने जाता कामा नये, असा तिथला नियम. मी मनात हिशेब केला. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर आले सुमारे १.१४ ज्यूल. ब्रिटनच्या कायद्याने २०१७पासून एअरसॉफ्टची मर्यादा ठरवून दिली आहे. सलग फैर झाडणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल, एकेक गोळी झाडणाऱ्या बंदुकीला २.५ ज्यूल. त्यावर गेली की ते खेळणे राहत नाही. खेळाच्या जागा आपली मर्यादा बहुधा त्याच्याही आत ठेवतात. त्या दिवशी एका माणसाची बंदूक मर्यादेच्या थोडी वर गेली. बंदूक महागातली होती, माणूस जुना खेळाडू होता. पंचाने फक्त मान हलवली. त्या माणसाने काही न बोलता ती पेटीत ठेवली आणि दिवसभर भाड्याची बंदूक घेऊन खेळला. आमच्याकडे अशा वेळी कोणाचा तरी मामा आठवला असता.

यानंतर सगळ्यांना गोल उभे करून नियम सांगण्यात आले. बी.एड.ला आम्हाला हर्बार्टची पंचपदी घोकावी लागली होती. प्रस्तावना, विषयविवेचन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. पाठ टाचणाच्या वहीत ती पंचपदी शंभर वेळा लिहिली असेल, पण प्रत्यक्षात इतकी नीट क्वचितच उतरलेली पाहिली. बोलणारा पंच कोणी शिक्षक नव्हता, आडव्या बांध्याचा, मातीने भरलेल्या बुटांचा माणूस होता. आधी धोका सांगितला, मग करून दाखवले, मग नवख्यांना प्रश्न विचारले, चुकले तिथे पुन्हा सांगितले. न बघता, भिंतीआडून नुसता हात काढून गोळ्या झाडायच्या नाहीत, कारण जे दिसत नाही त्यावर मारणे हा गुन्हा. अगदी जवळ गाठलेल्या माणसावर मारण्याऐवजी त्याला शरण येण्याची संधी द्यायची. लांब पल्ल्याच्या जास्त जोराच्या बंदुका तीस मीटरच्या आत वापरायच्या नाहीत. डोक्याचा नेम धरायचा नाही. अंगाला हात लावायचा नाही. प्राण्यांवर, पक्ष्यांवर मारायचे नाही. रानात फक्त माती होऊन जाणारे छर्रे वापरायचे.

आणि मग तो नियम, ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. तो म्हणाला, की छर्रा लागला की तुम्ही स्वतः मोठ्याने 'हिट' म्हणायचे, हात वर करायचा, लाल फडके डोक्यावर धरायचे आणि खेळातून बाजूला व्हायचे. बुटाला लागो, बाहीला लागो, पाठीवरच्या पिशवीला लागो, हिट म्हणजे हिट. दुसरे असे, की समोरच्याला तुमचा छर्रा लागला, हे तुम्ही ओरडून सांगायचे नाही. वाटले तर पंचाला सांगा. पण दुसऱ्याचा हिट जाहीर करण्याचा हक्क तुम्हाला नाही.

मी भाच्याकडे वळले. "मग एखाद्याने लागूनही नाही म्हटले तर?"

तो म्हणाला, "तेच तर, फुफू. इथे रंग उडत नाही. पेंटबॉलमध्ये कपड्यावर डाग दिसतो. इथे काहीच दिसत नाही. ज्याला लागले त्यालाच कळते. आपला हिट आपणच सांगायचा."

मी विचार करत राहिले. कबड्डीत स्पर्श झाला की नाही यावर भांडण होते, पण तिथे निदान पंच जवळ उभा असतो. क्रिकेटमध्ये बॅटची कड लागली की नाही हे बॅट धरणाऱ्याला नक्की ठाऊक असते, तरी तो पंचाच्या बोटाकडे बघत उभा राहतो. न सांगता स्वतःहून चालू लागणारे फलंदाज इतके थोडे, की त्यांच्या गोष्टी होतात. इथे मात्र साठ-सत्तर माणसे झाडीत विखुरलेली, पंच चारच, आणि हा सगळा डोलारा प्रत्येकाच्या जिभेवर उभा. उर्दूत आम्ही ज्याला ईमानदारी म्हणतो, ती या खेळात जास्तीचा सद्गुण नाही. ती नसेल तर खेळच होऊ शकत नाही.

दुपारी भाच्याने माझ्या हातात एक भाड्याची बंदूक दिली. भाभीने आधी डोळे मोठे केले, मग स्वतःच माझ्या ओढणीच्या गाठी मानेभोवती घट्ट बांधल्या. त्यावर मी पूर्ण मुखवटा चढवला. भाभी हसून म्हणाली, "आता तुझा नकाब कोणाला खटकायचा नाही. इथे सगळेच नकाबात आहेत!" विनोद होता, पण दिवसभर माझ्या मनातून गेला नाही.

रानाच्या मध्यभागी फळ्यांची एक झोपडी होती. वीस मिनिटे संपतील तेव्हा तिच्यावर ज्या संघाचा झेंडा असेल तो संघ जिंकला. मी एका जाड बुंध्याआड बसले. पानांवर टपटप आवाज यायचा, पावसाचे पहिले थेंब कौलांवर पडावेत तसा. ते छर्रे होते. धावणे मला जमले नाही, नेम तर त्याहून नाही. दहा मिनिटे झाली असतील, कोपराजवळ काहीतरी टोचल्यासारखे झाले. जाड जाकीट असल्यामुळे दुखले नाही. आजूबाजूला कोणी नव्हते. मारणाऱ्यालाही आपला छर्रा झाडात गेला की माणसात, हे कळले नसावे. त्या क्षणी माणसाच्या मनात काय काय येते पाहा! फांदीला लागून आला असेल. पानाचा देठ टोचला असेल. जाकिटाला लागला, मला कुठे लागला? एवढे सगळे विचार एका सेकंदात आले. मी हात वर केला आणि "हिट" म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच हसू आले. पुन्हा मोठ्याने म्हणाले. लाल फडके डोक्यावर धरून बाहेर चालले तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी वाहवा केली नाही. तिथे ते इतके साधे आहे. मला ते साधेपणच फार आवडले.

त्याच डावात पन्नाशीतला एक भारदस्त गोरा माणूस माझ्या भाच्याच्या छर्ऱ्याने बाद झाला. कोवळ्या मिशीच्या, सावळ्या पोराने मारले म्हणून त्याच्या कपाळावर आठी नाही. हात वर केला, "छान मारलास" अशा अर्थाचे काही पुटपुटला आणि निघून गेला. सगळेच असे नसतात. लागूनही पुढे धावणारे तिथेही असतात, त्यांची नावे सगळ्यांना माहीत होतात, पंच आधी समज देतो, मग घरी पाठवतो. भाचा म्हणाला, "असा माणूस दिसला की दुसऱ्यांनाही वाटते, मग मीच कशाला सांगू? एकाने सुरू केले की तासाभरात भांडण." मुलाने एका वाक्यात समाजशास्त्र सांगितले.

जोहरची वेळ झाली. आम्ही गाडीआड चटई टाकून नमाज पढलो. चहाचे कप घेऊन माणसे शेजारून गेली, कोणी वळून पाहिले नाही. बरे वाटले.

परतताना भाच्याने भाड्याची बंदूक परत दिली. स्वतःची नव्हती, कारण अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिकडे ती विकत मिळत नाही. अठरानंतरही खऱ्यासारखी दिसणारी बंदूक कोणालाही सहज मिळत नाही. २००६च्या एका कायद्याने अशा बंदुकांची विक्री तिथे बंद केली आणि तो नियम ऑक्टोबर २००७पासून अमलात आला. जे खरोखर मैदानात, विमा उतरवलेल्या जागी खेळतात त्यांना त्यातून सूट आहे. पण ते सिद्ध करावे लागते. किमान ५६ दिवसांच्या काळात तीन वेळा खेळल्याची नोंद झाली की विक्रेत्यांच्या संघटनेकडे नाव नोंदवता येते, आणि ती नोंद दरवर्षी नवी करावी लागते. ज्यांची नोंद नाही त्यांनी निम्म्याहून अधिक भाग भडक निळा, नारिंगी, हिरवा रंगवलेली बंदूक घ्यायची, म्हणजे लांबूनही खेळणे आहे हे कळावे. आणि खरी असो वा खोटी, सबळ कारणाशिवाय ती सार्वजनिक जागी बाळगणे हा गुन्हा. जाता-येता ती बंद पिशवीत, गाडीच्या डिकीत. वाटेत पेट्रोल भरायला थांबलात तरी पिशवी उघडायची नाही.

भाभीला हे नियम जाचक वाटत होते. मला ते आपल्या मुलाच्या अंगावरचे चिलखत वाटले. कारण सांगते. २०१४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात तमीर राईस नावाचा बारा वर्षांचा काळा मुलगा एका बागेत एअरसॉफ्टचे पिस्तूल घेऊन खेळत होता. पिस्तूल खेळण्यातले आहे हे कळावे म्हणून नळीला जे नारिंगी टोक असते, ते त्यावर नव्हते. कोणीतरी पोलिसांना फोन केला. पिस्तूल बहुधा खोटे असावे, असे फोन करणाऱ्याने सांगितलेही होते. पण ते शब्द गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचले नाहीत. गाडी आली आणि दोनेक सेकंदांत मुलाला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर खटला भरला गेला नाही. त्या मुलाच्या जागी एखादा गोरा, सोनेरी केसांचा मुलगा असता तर? हा प्रश्न अमेरिकेत लाखो लोकांनी विचारला. आपणही तो आपल्या पद्धतीने विचारू शकतो. ज्यांच्याकडे लोक आधीच संशयाने पाहतात त्यांच्या मुलाच्या हातात खेळणे कधी खेळणे राहत नाही. म्हणून दोरी हवी, पिशवी हवी, रंग हवा. नियम सगळ्यांसाठी सारखे असतात तेव्हा त्यांचा सर्वांत मोठा आधार दुबळ्यालाच असतो.

मी घरी आले आणि शाळा सुरू झाली. आता आपल्या मोहल्ल्याचे पाहू. ईदच्या बाजारात शेवया, अत्तर आणि टोप्यांच्या शेजारी प्लॅस्टिकची पिस्तुले टांगलेली असतात. दिवाळीत टिकल्यांची बंदूक असते, ती नुसता आवाज करते. ही मात्र पिवळे छर्रे मारते, तेच सहा मिलिमीटरचे. ईदीचे पैसे हातात पडले की पोरांची पहिली धाव तिकडे. नमाजनंतर गल्लीत गट पडतात आणि लढाई सुरू होते. बंदूक आहे, छर्रे आहेत, जोश आहे. नाही ती फक्त एक वस्तू, चष्मा. विलायतेत जो खेळ काच, पट्टा, शिटी आणि चार पंच यांच्याशिवाय सुरू होत नाही, तो आमची आठ वर्षांची मुले उघड्या डोळ्यांनी खेळतात. ईदच्या दिवसांत अशा बंदुकांनी डोळा दुखावलेली मुले दवाखान्यात येतात, हे इराक, पाकिस्तानसारख्या देशांतल्या डॉक्टरांनीही नोंदवून ठेवले आहे. आमच्या शाळेतही ईदच्या सुट्टीनंतर गालावर, कपाळावर लाल ठिपके घेऊन मुले येतात. ठिपका गालावर येतो, डोळ्यात येत नाही, यात आमची काही करामत नाही, अल्लाहची मेहरबानी आहे.

जूनच्या पालक सभेत मी हा विषय काढला. उपदेश केला नाही, फळ्यावर डोळ्याची आकृती काढली. छर्रा बुबुळावर बसला की आतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचते. बाहेरून कधी फक्त लाली दिसते. मूल म्हणते धूसर दिसते, आपण म्हणतो झोप, सकाळी बरे वाटेल. आतला दाब वाढला तर नजर जाऊ शकते. आज बरा वाटलेला डोळा पुढे काही वर्षांनी काचबिंदूने ग्रासू शकतो. म्हणून चोळायचा नाही, दाबायचा नाही, सुरमा नको, गुलाबजल नको, मध तर नकोच. कागदी कप उलटा धरून डोळा झाकायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे आपल्या देशात १ जानेवारी २०२१पासून बंधनकारक आहे, ते चिन्ह बघूनच खेळणे घ्या, असेही सांगितले. एक आजी उठून म्हणाल्या, "टीचर, पोरांना बंदूक द्यायचीच कशाला?" त्यांचे खरेच होते. मी म्हटले, "नाही दिली तर उत्तमच, आजी. पण दिलीत तर आधी चष्मा द्या." सभेत थोडे हसू पिकले. त्यानंतरच्या ईदला एका दुकानदाराने पिस्तुलांशेजारी स्वस्तातले प्लॅस्टिकचे चष्मे टांगले. किती खपले ते विचारले नाही, पण टांगलेले मी पाहिले.

दुसरा प्रयोग मैदानावर केला. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत टेनिस बॉलचे क्रिकेट चालते आणि रोज त्याचे भांडण स्टाफरूमपर्यंत येते. मी सातवीच्या मुलामुलींना म्हटले, आठवडाभर एकच नियम. बॅटला कड लागून झेल गेला की बॅट्समनने स्वतः हात वर करायचा. दुसऱ्या कोणी अपील करायचे नाही. पहिल्या दिवशी कोणीच बाद झाले नाही! मुले वैतागली, म्हणाली, "टीचर, हे सगळे झूट बोलतात." मी म्हटले, "सगळ्यांचे राहू दे, तुझे सांग." तिसऱ्या दिवशी एका मुलीने हात वर केला. कड इतकी बारीक होती की किपरलाही कळली नव्हती. मुलांनी तिला वेड्यात काढले. चौथ्या दिवशी दोघांनी हात वर केले. आठवडा संपला तेव्हा खेळ पुन्हा जुन्या पद्धतीवर गेला, अपील, आरडाओरडा, सगळे. मात्र ती मुलगी अजून हात वर करते, आणि तिच्याशी आता कोणी भांडत नाही. तिने 'नाही लागला' म्हटले तर दोन्ही संघ मानतात. वर्गात याहून मोठी पत मी कोणाची पाहिली नाही.

दुसऱ्याचा हिट ओरडून सांगण्यात आपण फार पटाईत आहोत. कोणाची मुलगी किती शिकली, कोणाच्या नमाजा किती, कोण कोणत्या जमातीचा, कोणाची टोपी खरी आणि कोणाची दिखाऊ, याचा हिशेब मोहल्ल्यात चोख ठेवला जातो. बाहेरचे लोकही आमचे हिट मोजत असतात, दिवसरात्र, न लागलेले सुद्धा. या दोन्ही आवाजांत माणसाचे स्वतःकडे लक्ष जात नाही. आमच्या बुजुर्गांनी आपला हिशेब आपण घेण्याला मुहासबा म्हटले. शब्द जड आहे, मुलांना समजावताना दमछाक होते. मातीने भरलेल्या बुटांच्या त्या पंचाने तो मला दोन वाक्यांत समजावला. लागले तर हात वर कर. दुसऱ्याचे तू सांगू नकोस.

भाचा २०२४मध्ये अठरा वर्षांचा झाला. त्याने रीतसर नोंदणी करून स्वतःची बंदूक घेतली. भाभीने आता विरोध सोडला आहे, एक अट मात्र कायम आहे. फोटो काढायचा नाही, काढलाच तर कोणाला पाठवायचा नाही, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही नाही. माझाही त्या दिवशीचा एक फोटो तिच्या फोनमध्ये आहे. मुखवटा, ओढणी, हातात भाड्याची बंदूक, मागे निळी फुले. सुंदर आला आहे. भाभी तो पाठवत नाही आणि मीही मागितलेला नाही. भाच्याबरोबर खेळणाऱ्या मुलांचे असे फोटो त्यांच्या घरांत भिंतीवर आहेत, फेसबुकवर आहेत, आजीच्या टेबलावर आहेत. महिन्यातल्या दोन रविवारी, कोणी पाहत नसताना, खरे बोलून हात वर करणाऱ्या आमच्या मुलाचा फोटो तेवढा फोनमध्ये लपवून ठेवावा लागतो. यात हिट कोणाला लागला आहे, आणि हात कोणी वर करायला हवा, हे मला वर्गात अजून सांगता आलेले नाही.